परत घेतलेले आभार

ज्यांनी मला साडेतीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं, घोटभर पाणी विचारलं नाही आणि आत बोलावल्यावर “इतकी वर्षं घरी बसून काय करत होता?” असं विचारलं, त्यांचे मी लेखी आभार मानले आहेत. इंग्रजीत. स्पेलिंगं दोनदा तपासून. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही, आणि ती पचू नये अशीच माझी इच्छा आहे.

मी ग्रंथपाल. ‘आहे’ म्हणायचं की ‘होते’ म्हणायचं, यावर माझं माझ्याशीच रोज भांडण होतं. फोर्टातल्या एका जुन्या कंपनीच्या ग्रंथालयात मी सतरा वर्षं काढली. मग वडील अंथरुणाला खिळले. भावाचा संसार विरारच्या फ्लॅटमध्ये, आई एकटी, आणि मी बिनलग्नाची. तेव्हा कोणी नोकरी सोडायची यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. सात वर्षांनी वडील गेले. सांडोर गावातल्या घरात आता आई, मी आणि मागची एवढीशी वाडी उरलो. वाडीत केळी आहेत, अळू आहे, एक म्हातारा आंबा आहे. पोटापुरतं सगळं आहे. पण मला पुन्हा पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहायचं होतं. नव्या पुस्तकावर शिक्का मारून त्याला नंबर द्यायचा होता. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही. वर्षभर मी अर्ज करत होते. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला उत्तरही पाठवायचं नसतं, एवढं त्या वर्षात कळलं. मुलाखतीला बोलावलं ते फक्त या एका शाळेने.

शाळा स्टेशनच्या पूर्वेला, नव्या टॉवरांच्या मधे. काचेची दारं, खाली चकचकीत फरशी. नाव सांगत नाही. वेळ दहाची दिली होती. मी पावणेदहाला हजर होते. आमच्याच गल्लीतल्या एक मावशी त्या शाळेत शिपाई आहेत. त्या दोनदा समोरून गेल्या आणि डोळ्यांनीच “अजून नाही का?” असं विचारून गेल्या. दीड वाजता मला आत बोलावलं.

आत तिघं होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव आणि टाय लावलेले एक गृहस्थ, ज्यांची ओळख कोणी करून दिली नाही आणि ज्यांनी शेवटपर्यंत मोबाईलमधून मान वर काढली नाही. बाजूला पंचविशीची एक मुलगी वही उघडून बसली होती. “ही नोट्स घेईल,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सचिवांनी माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला. “सात वर्षांचा गॅप दिसतोय.”

“वडील आजारी होते. त्यांचं करायला मीच होते.”

“हो, पण इतकी वर्षं घरी बसून काय करत होता? सात वर्षं?”

म्हणजे वडिलांनी मरायला उशीर केला. त्यांच्या वतीने माफी मागायची होती का?

“मिस्टर काय करतात?”

“लग्न केलेलं नाही.”

“मग काय, वेळच वेळ!” असं म्हणून ते हसले. टायवालेही मोबाईलकडे बघत हसले. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली, यावरून मला ती नोकरी किती हवी होती ते समजून घ्या.

मग मुख्याध्यापिका उठल्या आणि मला वरच्या मजल्यावर ग्रंथालय दाखवायला घेऊन गेल्या. वहीवाली मुलगी मागोमाग. खोली मोठी, उजेड भरपूर, कपाटं नवीकोरी. पुस्तकं मात्र खोक्यांत, अजून प्लास्टिकमधून बाहेर न आलेली. “तुमच्या हातात हे दिलं तर कसं लावाल?” त्यांनी विचारलं.

इथे मी विरघळले. सात वर्षांत मला कोणी असलं काही विचारलं नव्हतं. दूध आणलंस का, औषध दिलंस का, लाईटबिल भरलंस का, एवढेच प्रश्न माझ्या वाट्याला आले होते. मी तासभर बोलले. पहिली-दुसरीच्या मुलांची पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर, चित्राची बाजू समोर करून. कपाटांना कुलपं नकोत. कुलूप पाहिलं की मूल परत येत नाही. नोंदवहीत रकाने कोणते असावेत, मराठी पुस्तकं कोपऱ्यात न टाकता दारासमोर का असावीत, फाटलेली पुस्तकं मुलांकडूनच कशी चिकटवून घ्यावीत. माझ्या पिशवीतला एक मोठा कागद काढून मी त्यावर अख्ख्या खोलीचा नकाशा पेन्सिलीने काढून दिला, कपाटांना नंबर घालून. मुलगी भराभर लिहीत होती. एकदा ती अडखळली तेव्हा मी थांबले आणि म्हणाले, “सावकाश लिही गं, पुढे तुला उपयोगी पडेल.”

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने.

“खूप छान,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “कळवू आम्ही.” आणि कागद घडी करून त्यांनी स्वतःच्या फाईलमध्ये ठेवला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. भाची म्हणजे विरारच्या भावाची मुलगी. ती मुंबईत एका कंपनीत माणसं भरण्याच्याच खात्यात कामाला आहे, त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द तिचा.

“आत्या, थँक यू मेल टाकलास?”

“कसला?”

“इंटरव्ह्यूनंतर टाकायचा असतो गं. चोवीस तासांच्या आत. नाही टाकला तर सीरियस नाही असं वाटतं त्यांना.”

“आभार कशाचे मानू?”

“त्यांनी वेळ दिला त्याचे.”

“वेळ मी दिला. पावणेदहा ते तीन.”

“आत्या, प्लीज. हा अ‍ॅटिट्यूड नको. जॉब हवाय ना तुला?”

हवा होता. म्हणून मी टेबलाशी बसले. आधी मनातलं लिहून काढावं, म्हणजे डोकं थंड होईल, असा विचार केला. लिहिलं: साडेतीन तास बसवून ठेवल्याबद्दल आभार. पाणी न विचारून माझा उपास घडवल्याबद्दल आभार. माझ्या बापाच्या आजारपणाची लांबी मोजल्याबद्दल विशेष आभार. डोकं थंड व्हायच्या ऐवजी आणखी तापलं. सगळं पुसून टाकलं.

तेवढ्यात भाचीने फोनवरच्या कसल्याशा यंत्राकडून मजकूर करून घेऊन पाठवलासुद्धा. अर्धं मिनिट लागलं असेल. त्यात मी संस्थेच्या दूरदृष्टीने भारावून गेले होते. त्या प्रेरणादायी संवादातून मला पुष्कळ शिकायला मिळालं होतं. आपल्या परिवाराचा भाग होण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला धन्य समजणार होते. परिवार! दीड वाजेपर्यंत परिवाराने जेवलात का म्हणूनही विचारलं नव्हतं.

मी त्यातलं ‘धन्य’ काढलं, ‘भारावून’ काढलं, बाकीचं राग गिळून राहू दिलं. आणि स्वतःच्या बुद्धीने एक ओळ वाढवली: आपल्या ज्या सहकारी मुलीने माझ्या सूचना इतक्या काळजीपूर्वक टिपून घेतल्या, तिचेही आभार. यंत्राला जे सुचलं नाही ते मला सुचलं. मेल गेला.

आई शेजारी पाटावर बसून अळूच्या देठांची साल काढत होती. ती सगळं ऐकत होती. आई माहेरची मिठागराकडची, लग्न होऊन सांडोरला आली त्याला पन्नास वर्षं झाली, पण तिची बोली तिने बदलली नाही.

“मानलेस आभार?”

“मानले.”

“काय दिलंस?”

“काही द्यायचं नसतं आई. मेल पाठवायचा.”

“काय द्यायचं नाय? मंग त्याना कलनार कसं?”

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे तोंडाने आभार मानायची पद्धत नाही. आभार चर्चमधल्या मिस्सामध्ये देवाचे मानायचे. माणसाचे मानले तर ते माणूस गोंधळतं, आपल्याशी संबंध संपवतायत की काय असं त्याला वाटतं. आमच्यात देणं भांड्यातून चालतं. शेजारून कालवणाचं भांडं आलं, की ते धुऊन परत करताना त्यात काहीतरी घालायचंच. चार मिरच्या का असेनात, कढीपत्त्याची डहाळी का असेना. रिकामं भांडं परत जाता कामा नये. रिकामं भांडं धाडलं की दार लावून घेतल्यासारखं. वाटारच्या मावशीने माझ्या आईला एकदा रिकामं पातेलं धाडलं होतं, कसल्या तरी लग्नातल्या मानापमानावरून. ती माणसं आमच्याशी अकरा वर्षं बोलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पापडीला पोस्टात गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरातल्या दांडीला टांगलेली पुडी जागेवर नव्हती. पुडीत सुकेळी होती. राजेळी केळी सोलून, कित्येक दिवस उन्हात घालायची, रोज परतायची, संध्याकाळी आत घ्यायची, आणि मग केळीच्याच सुकलेल्या सोपात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधून ठेवायची. आता गावात कोणी करत नाही, त्यात वेळ आणि कंबर दोन्ही मोडते. आईने यंदा एकच पुडी केली होती.

“सुकेळी कुठं गेली?”

“शालेत.” आई शांतपणे म्हणाली. “मावशी कामाला जात होती ना, तिच्या हाती टोपली धाडली. दोन फन्या केली, अलू, आनि सुकेलीची पुडी.”

मी कपाळावर हात मारला. “आई! नोकरीचा निकाल लागायचाय अजून. ही लाच दिसते!”

“केलीची लाच?” आई हसली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “त्यानी तुला पानी नाय विचारलं, मी ऐकलं सगलं. त्याना रीत नाय. आपल्याला हाय ना?”

मला लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली. आईची सुकेळी खाऊन एखाद्याचं मन पालटेलही, असं माझ्या मनात आलं. माणूस किती खाली येतं ते त्या दोन दिवसांत कळलं. दर अर्ध्या तासाने मी मेल उघडून बघत होते. भाजी चिरता चिरता नव्या नोंदवहीच्या रकान्यांचा विचार करत होते.

शुक्रवारी संध्याकाळी पाच-साडेपाचला मावशी आल्या. शाळेचा गणवेश अंगावरच होता. एरवी त्या थेट मागच्या दाराने आत येऊन ओट्यावर बसतात. त्या दिवशी फाटकातच उभ्या राहिल्या आणि वर वर्तमानपत्र झाकलेली टोपली पुढे केली.

“केली स्टाफरूममध्ये वाटली. सगल्याना आवडली,” त्या म्हणाल्या. “सुकेली सचिवसाहेब घरी घेऊन गेले.”

“आणि ग्रंथालयाचं काही कळलं?”

मावशींनी मागे-पुढे पाहिलं. “माझं नाव घेऊ नको हां बाय. ती वहीवाली पोर हाय ना, ती तर तुला बोलावायच्या आधीच लागलेली. एक तारखेला. साहेबांच्या नात्यातली हाय. तीन मानसं बोलावली व्हती ती फायलीला दाखवायला. आता ती कपाटं लावते. तुझ्या हातचा तो कागद भिंतीला लावलाय, त्यात बघून बघून लावते.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती खरोखर जाते. मला ती पोटरीतून, पाठीतून वर चढताना कळली. मुलाखत नव्हतीच ती. खुर्ची आधीच भरलेली होती. खुर्चीवर बसलेलीला काम येत नव्हतं, म्हणून मला बोलावून तिची शिकवणी घेतली. गॅप असलेल्या बाईकडून, फुकट. गरज सरो वैद्य मरो; इथे तर वैद्याला जाता जाता बापाच्या मरणावरून टोमणेही मारले. आणि मी? मी त्या मुलीचे लेखी आभार मानले होते. सचिव माझ्या आईची सुकेळी चघळत होते. नोकरी नाही मिळाली याचं दुःख माणूस करतो आणि मोकळा होतो. पण मला त्यांनी माझ्याच हातांनी माझा अपमान करायला लावलं. तो राग कुठे ठेवायचा हे मला कळेना.

मावशी गेल्या. आई वाडीतून हात पुसत आली. टोपली दिसली तशी तिने आधी वजन पाहिलं, वर्तमानपत्राखाली हात घातला, आणि तिचा चेहरा उजळला.

“बग! रिकामी नाय धाडली. मानसं बरी हायेत.”

मी काही बोलायच्या आत तिने वर्तमानपत्र बाजूला केलं. आत कागद होते. माझा अर्ज, प्रमाणपत्रांच्या प्रती, जुन्या कंपनीचं पत्र. आई मराठी तिसरीपर्यंत शिकली आहे, इंग्रजी तिला वाचता येत नाही. पण अर्जाच्या कोपऱ्यात माझा फोटो टाचलेला होता. ती फोटोकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ती आत गेली, विळीशेजारची सुरी आणली, आणि ओट्यावर बसून अर्जाची पिन सुरीच्या टोकाने हळूहळू वर काढली. फोटोला भोकं पडली होती, ती तिने नखाने दाबून सारखी केली.

“फोटो चांगला आलाय,” ती म्हणाली. “दुसरीकडं लागंल.” आणि तो तिने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

ती रडली असती तर मी सहन केलं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन घातल्या असत्या. पण तिने फोटो वाचवला, आणि तिथे माझा बांध फुटला. मी लॅपटॉप उघडला. मावशींचं नाव निघता कामा नये, म्हणून त्या मुलीबद्दल आणि भिंतीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, एवढं मात्र ठरवलं. मग टोपलीतले कागद पुन्हा एकदा मोजले. सगळे होते. एकच नव्हता.

मराठीत लिहिलं. यंत्राला विचारलं नाही, भाचीला विचारलं नाही. चार मिनिटं लागली.

“मंगळवारी मी आपले आभार मानले होते. ते मी परत घेत आहे. माझ्या वडिलांच्या आजारपणाबद्दल आपण जे बोललात, त्याबद्दल कोणीही कोणाचे आभार मानू नयेत. आपण परत पाठवलेले कागद मिळाले. ग्रंथालयाच्या मांडणीचा मी हाताने काढलेला कागद त्यात नाही. तो माझा आहे. टोपली उद्या सकाळी पुन्हा आणून देते, त्यात तो घालून ठेवावा. केळी राहू द्या. ती माझ्या आईने दिली होती, आणि तिने दिलेलं परत मागायची आमच्यात रीत नाही.”

पाठवला. मग भाचीला फोन करून सांगितलं. ती आधी किंचाळली. “आत्या, असं करतात का कोणी? ही माणसं एकमेकांना ओळखतात, दुसरीकडेही नाव खराब होईल तुझं!” होईल. तिचं खरं आहे, आणि ते मला माहीत होतं. मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “मला फॉरवर्ड कर.” मी केला.

शनिवारी सकाळी मी तीच निळी साडी नेसले. आई टोपली घेऊन मागच्या दारात उभी होती. टोपली तिने विहिरीवर घासून आणली होती, अजून ओली होती. बाजूला केळीची एक फणी कापून ठेवलेली होती. सवयीने कापली असणार.

“काय घालू?” तिने विचारलं.

“काही नाही, आई.”

तिने एकदा फणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. जन्मात तिने कोणाच्या दारात रिकामं भांडं धाडलेलं नव्हतं. मग तिने टोपली उलटी करून दोनदा झटकली, आत पानाचा तुकडासुद्धा राहिला नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, आणि माझ्या हातात दिली.